दुसरी चावी : लिनक्सचा भ्रमणध्वनी आणि महाजालावरील संभाषण

बँकेच्या लॉकरची रचना बहुतेक ग्राहकांच्या परिचयाची असते. लॉकर उघडण्यासाठी दोन चाव्या लागतात. एक ग्राहकाजवळ असते, दुसरी बँकेजवळ. पूर्ण किंमत मोजून विकत घेतलेल्या भ्रमणध्वनीचीही रचना काहीशी अशीच असते, ही बाब मात्र फार थोड्यांच्या ध्यानात येते. फोन ग्राहकाच्या खिशात असतो, पण त्याच्या अंतरंगाची दुसरी चावी उत्पादकाकडे राहते. कोणती आज्ञावली चालेल, कोणती चालणार नाही, प्रणालीच्या कोणत्या भागाला हात लावता येईल, हे सर्व ती दुसरी चावी ठरवते.

२००९ च्या अखेरीस फिनलंडमधील नोकिया कंपनीने एक असा फोन बाजारात आणला की, ज्याची दुसरी चावीही ग्राहकाने मागितल्यास त्याला सहज मिळत होती. त्याचे नाव ‘एन ९००’. लिनक्सवर आधारलेल्या या फोनचा बाजारातील काळ अल्प ठरला. तथापि, त्याच्या मालकांनी आज्ञावली बसवताना, बिघडवताना, दुरुस्त करताना आणि महाजालावरून फोन करताना जे अनुभवले, ते आज मोबाईलवरून बँकेचे व्यवहार करणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावे असे आहे.

फिनलंडची देणगी

लिनक्सचा जन्मही फिनलंडमधलाच. हेलसिंकी विद्यापीठात शिकत असलेल्या लायनस टोरवाल्ड्स या तरुणाने १९९१ मध्ये स्वतःच्या संगणकासाठी एका संचालन प्रणालीचा गाभा लिहिला आणि तो सर्वांसाठी खुला केला. यंत्राची स्मृती, प्रक्रियक आणि जोडलेली उपकरणे यांचा कारभार पाहणे हे या गाभ्याचे काम. त्याभोवती इतर आज्ञावली रचून पूर्ण प्रणाली तयार होते. १९९३ मध्ये सुरू झालेली ‘डेबियन’ ही अशीच एक प्रणाली, जी जगभरचे स्वयंसेवक आजही सांभाळतात.

नोकियाने २००५ मध्ये ‘७७०’ नावाची एक छोटी पाटी बाजारात आणली. तिला सिमकार्ड नव्हते, ती केवळ वाय-फायवरून महाजालाशी जोडली जात असे. तिच्यासाठी डेबियनच्या आधाराने ‘मेमो’ ही प्रणाली घडवण्यात आली. २००७ मध्ये ‘एन ८००’ व ‘एन ८१०’ या पुढच्या आवृत्त्या आल्या. ‘एन ९००’ मध्ये प्रथमच सिमकार्डाची सोय झाली आणि ती पाटी खऱ्या अर्थाने फोन बनली.

आजच्या मानाने त्याची साधनसामग्री साधीच म्हणावी लागेल. ६०० मेगाहर्ट्झचा प्रक्रियक, २५६ मेगाबाइट स्मृती, ३२ गिगाबाइट साठवण, साडेतीन इंचांचा पडदा आणि त्याखालून सरकून बाहेर येणारा अक्षरफलक एवढा त्याचा संसार. परंतु त्याच्या कार्यक्रमांच्या यादीत ‘एक्स टर्मिनल’ नावाची एक खिडकी पहिल्या दिवसापासून होती. तिच्यात संगणकाप्रमाणे आज्ञा टंकित करता येत. फोनमध्ये काय चालले आहे, कोणती फाइल कोठे आहे, कोणती आज्ञावली किती स्मृती खात आहे, हे मालकाला पाहता येत असे.

आज्ञावलींचे भांडार

मेमोमध्ये प्रत्येक आज्ञावली ‘पॅकेज’ या स्वरूपात येत असे. या गाठोड्यात आज्ञावलीच्या फाइलींबरोबरच तिचे नाव, आवृत्ती आणि तिला चालण्यासाठी लागणाऱ्या इतर पॅकेजेसची यादी असते. वापरणाऱ्याने एक आज्ञावली मागितली की, प्रणाली ही यादी वाचते आणि जे जे कमी असेल ते भांडारातून आणून बसवते. डेबियनची ही जुनी आणि कसाला उतरलेली पद्धत नोकियाने जशीच्या तशी स्वीकारली होती.

स्वयंसेवकांच्या भांडारांचे तीन स्तर होते. लेखकाने नुकतीच लिहिलेली आज्ञावली प्रथम ‘एक्स्ट्रॉज डेव्हल’ या कच्च्या मालाच्या कोठारात जाई. तेथून ती ‘एक्स्ट्रॉज टेस्टिंग’ मध्ये येई, जेथे स्वयंसेवक परीक्षक तिची तपासणी करून कौल देत. त्या कौलात उत्तीर्ण झाल्यावरच ती ‘एक्स्ट्रॉज’ या सर्वसामान्यांच्या भांडारात दाखल होई. कर्जाचा अर्ज जसा छाननीच्या पायऱ्या चढून मंजुरीपर्यंत पोहोचतो, तशीच ही व्यवस्था होती. छाननीची वाट न पाहता कच्च्या कोठारातून थेट माल उचलण्याची मुभाही होतीच, आणि उत्साही मंडळी ती घेत असत.

मूळ प्रवेशाधिकार, म्हणजेच ‘रूट’ ही दुसरी चावी मिळवण्यासाठी कोणतेही कुलूप फोडावे लागत नव्हते. ‘रूटश’ नावाचे एक छोटे पॅकेज बसवायचे आणि टर्मिनलमध्ये एक ओळ टंकित करायची, एवढेच पुरेसे होते. त्यानंतर फोन मालकाची कोणतीही आज्ञा, शहाणी असो वा वेडी, निमूटपणे पाळत असे.

या मोकळिकीचे फळ काय, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि नोकियाचे संशोधन केंद्र यांतील अभ्यासकांनी २०१० मध्ये ‘एफकॅम’ ही आज्ञावली एन ९०० साठी प्रसिद्ध केली. एका छायाचित्रामागून दुसरे घेताना प्रत्येक वेळी प्रकाशाचा काळ व संवेदनक्षमता वेगळी ठेवणे, कमी-अधिक प्रकाशाची अनेक छायाचित्रे एकत्र करून एक संतुलित चित्र मिळवणे, असे प्रयोग तिच्यामुळे खिशातल्या फोनवर शक्य झाले. फोनचा कॅमेरा आज्ञावलीच्या थेट हुकमतीत देता आला, म्हणूनच हे साधले.

चूक मालकाची, भुर्दंडही मालकाचा

या मोकळिकीची दुसरी बाजूही लवकरच अनुभवास आली. एन ९०० ची मूळ प्रणाली २५६ मेगाबाइटच्या एका वेगळ्या, छोट्या जागेत ठेवलेली होती. नव्या आज्ञावलींनी त्या जागेत न शिरता ३२ गिगाबाइटच्या मोठ्या साठ्यात, ‘ऑप्ट’ नावाच्या कप्प्यात राहावे, असा संकेत होता. छाननी झालेल्या आज्ञावली तो पाळत. कच्च्या कोठारातील अनेक आज्ञावली मात्र पाळत नसत. चार-दोन अशी पॅकेजेस बसवली की, छोटी जागा काठोकाठ भरे आणि फोन पुढच्या वेळी सुरूच होत नसे. मोठा साठा जवळजवळ रिकामा आणि फोन मात्र निश्चल, हे पाहून मालक चक्रावून जाई.

उपाय होता, पण तो सोपा नव्हता. फोन संगणकाला जोडायचा, नोकियाने दिलेली ‘फ्लॅशर’ ही आज्ञावली चालवायची आणि संपूर्ण प्रणाली नव्याने भरायची. मालकाने बसवलेल्या आज्ञावली आणि केलेली जुळवाजुळव यांत वाहून जाई. ज्याने आपल्या नोंदींची दुसरी प्रत राखली होती, त्याचा एक तास जाई. ज्याने राखली नव्हती, त्याचे पत्ते, संदेश आणि छायाचित्रे धोक्यात येत. प्रयोगाला हात घालण्यापूर्वी प्रत काढून ठेवणे, ही शिस्त अनेकांना या फोनने शिकवली.

आवाजाची पाकिटे

एन ९०० चा सर्वांत उपयुक्त गुण होता महाजालावरून बोलण्याची अंगभूत सोय. परदेशी फोन लावताना मिनिटागणिक दर मोजण्याची सवय असलेल्या कुटुंबांना या तंत्राचे मोल वेगळे सांगायला नको. पण हा आवाज जातो कसा?

सर्वांत साध्या पद्धतीत बोलणाऱ्याच्या आवाजाची सेकंदाला ८,००० वेळा मोजणी होते आणि प्रत्येक मोजणी एका बाइटमध्ये लिहिली जाते. दर २० मिलिसेकंदांत अशा १६० मोजण्या जमतात. त्यांचे एक पाकीट बनते, त्यावर पत्ता, क्रमांक व वेळ यांचा ४० बाइटांचा मजकूर चढतो आणि २०० बाइटांचे हे पाकीट महाजालावर सोडले जाते. सेकंदाला ५० पाकिटे, म्हणजे १०,००० बाइट. तासाभराच्या संभाषणात एका दिशेला सुमारे ३६ मेगाबाइट आणि दोन्ही दिशा मिळून ७२ मेगाबाइट खर्ची पडतात. आवाजाचे अधिक संकोचन करणाऱ्या पद्धती वापरल्यास हा आकडा बराच खाली येतो.

वाटेत हरवलेले पाकीट पुन्हा मागवले जात नाही, कारण उशिरा आलेल्या शब्दाला संभाषणात किंमत नसते. मागेपुढे पोहोचणारी पाकिटे क्रमाने लावण्यासाठी ऐकणाऱ्याच्या फोनमध्ये क्षणभराचा साठा ठेवला जातो. बोललेला शब्द दीडशे मिलिसेकंदांच्या आत पलीकडे पोहोचला, तर संभाषण सहज वाटते. विलंब फार वाढला की, दोघेही एकाच वेळी बोलू लागतात आणि एकाच वेळी थांबतात.

आवाज वाहून नेण्यापूर्वी दोन फोनांची गाठ घालून द्यावी लागते. हे काम ‘एसआयपी’ नावाच्या खुल्या संकेतप्रणालीने होते. तिची प्रचलित आवृत्ती २००२ मध्ये प्रमाणित झाली. टपालाच्या पत्त्यासारखा एसआयपीचाही एक पत्ता असतो. कोणत्याही सेवादात्याकडे खाते उघडून तो मिळवता येतो. एन ९०० मध्ये असे खाते फोनच्या मूळ व्यवस्थेतच जोडले जाई. एकाच व्यक्तीच्या नावाखाली तिचा मोबाईल क्रमांक, एसआयपीचा पत्ता आणि स्काइपचे नाव असे तिन्ही मार्ग दिसत. बोलणाऱ्याने त्यांतील एक निवडायचा. वेगळी आज्ञावली उघडण्याची गरज नव्हती.

जुळवाजुळव मात्र करावी लागे. नवशिक्यांना हमखास भेटणारी अडचण एकतर्फी आवाजाची असे. आपले बोलणे पलीकडे पोहोचते, पण तिकडचे काही ऐकू येत नाही. कारण असे की, घरातील राउटर सर्व उपकरणांना आतले खासगी पत्ते देतो आणि बाहेर मात्र एकच पत्ता दाखवतो. फोनने समोरच्याला आपला आतला पत्ता कळवला, तर आवाजाची पाकिटे त्या पत्त्यावर कधीच पोहोचत नाहीत. मोठ्या वसाहतीत केवळ ‘घर क्रमांक ४’ एवढेच लिहून पत्र टाकावे, तशी ही गत. ‘स्टन’ नावाचा सेवक फोनला त्याचा बाहेरचा पत्ता सांगतो. खात्याच्या रकान्यात या सेवकाचे नाव भरले की, बहुतेक वेळा अडचण सुटे.

दुसरी तक्रार विजेरीची. येणारा फोन लागावा म्हणून ‘मी येथे आहे’ असा निरोप फोनला थोड्या थोड्या वेळाने पाठवत राहावा लागतो. हे निरोप फार वारंवार गेल्यास विजेरी दिवस संपण्याच्या आत रिकामी होते. त्यांतील अंतर वाढवून पाहणे, फोन लागतो की नाही याची परीक्षा घेणे आणि दोहोंचा मेळ बसवणे, हा त्या काळातील हौशी मालकांचा आवडता उद्योग होता.

पडद्यावरचा क्रमांक म्हणजे पुरावा नव्हे

अशी जुळवाजुळव करणाऱ्याच्या एक गोष्ट चटकन लक्षात येई. एसआयपीच्या निरोपात ‘कोणाकडून’ असा एक रकाना असतो आणि त्यातील मजकूर फोन करणाऱ्याचीच आज्ञावली भरते. जबाबदार सेवादाता तो तपासून घेतो, पण प्रत्येक सेवादाता जबाबदार असतोच असे नाही. पाकिटाच्या मागे प्रेषकाचे नाव कोणीही काहीही लिहू शकतो, तसेच हे आहे.

बँकेच्या ग्राहकांसाठी या लेखातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच. पडद्यावर बँकेचा क्रमांक दिसला, म्हणून फोन बँकेतूनच आला असे सिद्ध होत नाही. भारतात महाजालावरील दूरध्वनीला मर्यादित स्वरूपात १ एप्रिल २००२ पासून परवानगी मिळाली आणि २०१८ मध्ये परवानाधारक कंपन्यांना त्याद्वारे देशांतर्गत सेवा देण्याचा मार्ग मोकळा झाला. सोय वाढली तशी तोतयांचीही सोय वाढली. त्यावर उपाय म्हणून भारतीय रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बँकांना व्यवहारविषयक फोनसाठी १६०० ने सुरू होणारी क्रमांकमालिका वापरण्याचे निर्देश दिले. ही मालिका ओळखीला मदत करते. तरीही एकवेळचा संकेतांक, पिन किंवा कार्डामागील तीन आकडे फोनवर कोणालाही सांगू नयेत, हा नियम कायम राहतो. शंका आल्यास फोन ठेवावा आणि पासबुकावर वा कार्डावर छापलेल्या क्रमांकावर स्वतः फोन लावून खात्री करून घ्यावी.

आणखी एक मर्यादा ध्यानात ठेवणे इष्ट. महाजालावरील खात्यातून ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी संपर्क होईलच, असे गृहीत धरू नये. त्यासाठी नेहमीचे सिमकार्ड हवेच.

भिंती आणि बँकेची आज्ञावली

आता पुन्हा दुसऱ्या चावीकडे वळू. भारतातील बहुसंख्य मोबाईल ज्या अँड्रॉइडवर चालतात, तिचाही गाभा लिनक्सच आहे. मात्र तिची घडण निराळी आहे. लिनक्समध्ये एका यंत्रावर अनेक वापरकर्ते नांदू शकतात आणि एकाला दुसऱ्याच्या फाइली वाचता येत नाहीत. अँड्रॉइडने या जुन्या सोयीचा नवा उपयोग केला. तिने प्रत्येक आज्ञावलीलाच एक स्वतंत्र वापरकर्ता मानले. त्यामुळे एखाद्या खेळाची आज्ञावली बँकेच्या आज्ञावलीच्या खोलीत डोकावू शकत नाही. एन ९०० वर या भिंती जवळजवळ नव्हत्याच. बहुतेक आज्ञावली एकाच वापरकर्त्याच्या नावाने चालत आणि एकमेकींची माहिती वाचू शकत.

रूटचा अधिकार असलेल्याला कोणतीही भिंत अडवत नाही. मालकाने तो अधिकार स्वतःसाठी मिळवला आणि नंतर चुकून एखाद्या लबाड आज्ञावलीला बहाल केला, तर तिला सर्व खोल्या मोकळ्या होतात. अनेक बँकांच्या आज्ञावली रूट केलेल्या फोनवर चालण्यास नकार देतात, त्याचे कारण हेच. ‘फोन माझा, मग हरकत कोणाची?’ असा ग्राहकाचा प्रश्न चुकीचा नसतो. पण फोन त्याचा असला, तरी खात्याभोवतीची भिंत ही ग्राहक आणि बँक या दोघांच्या विश्वासावर उभी असते. शाखेतील सेवकवर्गाने हे कारण समजावून सांगितले, तर ग्राहकाचे समाधान होण्यास मदत होईल.

ही भीती केवळ कागदावरची नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये, एन ९०० बाजारात येत असतानाच, दुसऱ्या एका कंपनीच्या आयफोनवर याचा प्रत्यय आला. ज्या मालकांनी आपल्या आयफोनचे कुलूप काढून त्यात दुरून प्रवेश देणारी सेवा बसवली होती, त्यांतील अनेकांनी कारखान्यातून आलेला मूळ परवलीचा शब्द बदललाच नव्हता. तो शब्द सर्वज्ञात होता. प्रथम ऑस्ट्रेलियात एका कृमीने अशा फोनांवरील पार्श्वचित्र बदलून केवळ थट्टा केली. लगेच आलेल्या दुसऱ्या कृमीने नेदरलँड्समधील एका बँकेच्या ग्राहकांना बनावट प्रवेशपानाकडे वळवण्याचा प्रयत्न केला. कुलूप काढणे हा प्रमाद नव्हता. काढल्यानंतर नवे कुलूप न लावणे हा प्रमाद होता. एन ९०० वर हीच सेवा बसवताना प्रणाली आधी नवा परवलीचा शब्द मागत असे, एवढी एक दक्षता तेथे घेतलेली होती.

काळाच्या ओघात

एन ९०० चे पुढे काय झाले? फेब्रुवारी २०१० मध्ये नोकियाने मेमो आणि इंटेलची मोब्लिन यांचे विलीनीकरण करून ‘मीगो’ ही प्रणाली जाहीर केली. वर्षभरात, ११ फेब्रुवारी २०११ रोजी, कंपनीने मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोनचा मार्ग पत्करला. २०१४ मध्ये तिचा मोबाईलचा व्यवसायच मायक्रोसॉफ्टकडे गेला.

एवढे होऊनही फोन मेला नाही. त्याचे बरेचसे अंतरंग खुले असल्याने स्वयंसेवकांनी त्यातील दोष दूर करणाऱ्या सुधारणा स्वतः काढल्या. पुढे ‘मेमो लेस्टे’ या नावाने त्याच धर्तीची नवी प्रणाली उभारण्याचे कामही त्यांनी हाती घेतले. नोकियातून बाहेर पडलेल्यांनी २०११ मध्ये ‘योला’ कंपनी स्थापून ‘सेलफिश’ या प्रणालीद्वारे तो वारसा पुढे नेला.

बोलण्याच्या मार्गांची कथा अधिक बोधप्रद आहे. एन ९०० वर स्काइप आणि गूगल टॉक या दोन्ही सेवा चालत. गूगल टॉक जून २०२२ मध्ये बंद झाली. स्काइप ५ मे २०२५ रोजी बंद झाली. सेवा बंद करण्याचा निर्णय एका कंपनीचा होता आणि त्याविरुद्ध वापरणाऱ्याच्या हाती काही नव्हते. एसआयपी कोणा एकाच्या मालकीची नाही. एका सेवादात्याने दुकान बंद केले, तर दुसऱ्याकडे खाते उघडता येते. आजही कार्यालयांतील असंख्य दूरध्वनी याच संकेतप्रणालीवर चालतात. खुलेपणाचा हा लाभ तत्काळ दिसत नाही, तो वर्षे उलटल्यावर कळतो.

म्हणून कपाटात पडलेला एखादा एन ९०० बाहेर काढून त्यावर लिनक्स शिकावे, एसआयपीचे खाते जोडून पाहावे, प्रणाली बिघडली तर पुन्हा भरावी. शिकण्यासाठी त्याच्याइतका मोकळा फोन विरळाच. बँकेच्या व्यवहारांसाठी मात्र तो वापरू नये. महाजालावरील गुप्ततेचे नियम त्याच्या जन्मानंतर बदलले आहेत आणि त्याचा मूळ न्याहाळक त्यांच्या मागे राहिला आहे. सुरक्षाविषयक सुधारणा मिळणे बंद झालेल्या कोणत्याही जुन्या फोनला हेच लागू पडते.

प्रयोगाचा फोन वेगळा आणि व्यवहाराचा फोन वेगळा ठेवावा. व्यवहाराच्या फोनवर केवळ अधिकृत भांडारातील आज्ञावली बसवाव्यात, सुधारणा वेळेवर घ्याव्यात आणि कोणा अनोळखी व्यक्तीच्या सांगण्यावरून पडदा दाखवणारी आज्ञावली कधीही बसवू नये. फसवणूक झाल्यास विलंब न करता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर आणि आपल्या शाखेत कळवावे. लॉकरची चावी हरवली, तर ग्राहक त्याच दिवशी बँकेत धाव घेतो. फोनच्या चावीच्या बाबतीतही तीच तत्परता हवी.